विझणारा स्टो काय सांगतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी जानेवारीत एका पहाटे साडेचार वाजता माझा फोन वाजला. अशा वेळी वाजणारा फोन माणसाला उचलण्याआधीच घाबरवतो. फोन भाचीचा होता. ती उत्तर आयर्लंडमधल्या एका लहान गावात राहते, तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. आपल्याकडे पहाटेचे साडेचार म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अकरा. म्हणाली, "मामू, बॉयलर सारखा बंद पडतोय. बाहेर बर्फ आहे. घर गार पडलंय आणि बाळ आठ महिन्यांचं आहे."

तिकडे घर उबदार ठेवायला आणि अंघोळीच्या पाण्याला घरोघरी बॉयलर असतो. उत्तर आयर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक घरांतला बॉयलर तेलावर चालतो. हे तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलं रॉकेल. परसात प्लास्टिकची मोठी टाकी असते, तिच्यातून नळी बॉयलरकडे जाते, आत तेलाचा बारीक फवारा उडतो, ठिणगी पडते आणि ज्योत पेटते. काही बिघडलं की बॉयलर आपण होऊन बंद होतो आणि एक लाल दिवा लागतो. त्याचं बटण दाबलं की तो पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतो.

मी विचारलं, "बटण किती वेळा दाबलंस?"

"आठ-नऊ वेळा. दर वेळी पाच-दहा मिनिटं चालतो आणि पुन्हा बंद."

मी म्हटलं, "बेटा, आधी त्या बटणावरचा हात काढ."

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला बॉयलरमधलं काय कळतं? तुमचं बरोबर आहे. मी बी. ए. झालो तोही मराठी घेऊन, आणि बॉयलर मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण मी स्टो दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मुलगा आहे. जव्हारच्या बाजारात माझ्या अब्बांची एक फळकुटाची टपरी होती. टपरीला पाटी नव्हती. बाहेर तारेला दोन जुने पितळी स्टो टांगलेले असायचे, तीच पाटी.

आजच्या मुलांनी तो स्टो कदाचित पाहिलाही नसेल. म्हणून थोडं सांगतो. स्वीडनमधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली स्टॉकहोममध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो बनवला. त्याचं नाव 'प्रायमस'. पुढे अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तो हाच स्टो घेऊन, आणि १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीकडेही प्रायमस होता. आपल्याकडे तो चाळीत आला, मग तालुक्याच्या गावी आला, आणि चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बायकांना त्याचं निळं फूल फार आवडलं. मराठीत हलक्या लिखाणाला 'घासलेटी' म्हणायची पद्धत आहे. मला ती कधी पटली नाही. आमचं घर घासलेटावर चाललं आणि माझी फीही त्याच्यातूनच भरली गेली.

या स्टोची करामत अशी की त्यात तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. खाली पितळी टाकी. पंपाने तिच्यात हवा भरायची. हवेच्या दाबाने तेल उभ्या नळीतून वर चढतं. वर बर्नर तापलेला असला की तेलाची वाफ होते, निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते आणि निळी जळते. म्हणून आधी वाटीत स्पिरिट ओतून किंवा काकडा पेटवून बर्नर तापवावा लागतो. तो नीट तापला नाही तर वाफेऐवजी कच्चं तेलच वर येतं, आणि मग ज्योत पिवळी होऊन छपराकडे धावते.

अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण स्टो विझतो म्हणून कुणी आलं की ते चार शब्दांत तपासणी करायचे. तेल, हवा, वाट, आग. तेल आहे का? हवा टिकते का? वाट मोकळी आहे का? आणि आग पुरेशी लागली का, म्हणजे बर्नर तापला का? याच क्रमाने. एका वेळी एकच गोष्ट पाहायची आणि एकच बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर रोग कुठला होता ते कळत नाही, आणि तो परत येतो, असं ते म्हणत.

त्यांचं हे शास्त्र मला कळलं ते दाभोशाला.

गोष्ट १९९४ च्या श्रावणातली. आमचा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. नोकरी नव्हती, कविता मात्र पुष्कळ होत्या. अब्बांची पिशवी घेऊन त्यांच्यामागे पाड्यापाड्यांवर हिंडायची मला लाज वाटायची. पण घरात बसून खायची त्याहून जास्त वाटायची, म्हणून जात होतो.

दाभोसा आज धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. त्या वेळी तिथे फारसं कुणी यायचं नाही. गावात एक गुरुजी होते, देशावरचे. त्यांचं बिऱ्हाड कौलारू दोन खोल्यांचं. बायको नुकतीच बाळंत झालेली, बाळ बारा-तेरा दिवसांचं. आमच्या भागात श्रावणात लाकूड पेटत नाही. चूल नुसती धुमसते. त्यामुळे बाळ-बाळंतिणीचं पाणी, पेज, सगळं त्या एका स्टोवर. आणि स्टो दर दहा मिनिटांनी विझत होता.

आमच्या भागात तेव्हा तान्ह्या पोराची काळजी सगळ्यांनाच जरा जास्त होती. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ साली, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव महाराष्ट्रभर झालं होतं. गुरुजी स्वतः पावसात भिजत जव्हारला आले आणि अब्बांना म्हणाले, "चाचा, स्टो इथे आणला तर घरात पाणी कशावर तापवू? तुम्हीच चला."

आम्ही गेलो. अब्बा दारात पाय धुवत होते तेवढ्यात मी पुढे होऊन स्टो पेटवला. मला दाखवायचं होतं की पदवीधराला हेही येतं. स्टो छान पेटला. दहाएक मिनिटांनी ज्योत थरथरली, फुरफुरली, पिवळी झाली आणि गेली. मी पिन मारली, पंपाचे दहा-बारा दट्टे जोरात मारले आणि काडी लावली. पुन्हा विझला. पुन्हा दट्टे, पुन्हा काडी. तिसऱ्या वेळी मधल्या काळात वाटीत कच्चं तेल साचलंय, इकडे माझं लक्ष नव्हतं. काडी लावताच भडका आढ्यापर्यंत गेला. माझ्या भुवया जळाल्या. वहिनी बाळाला घेऊन भिंतीला चिकटल्या. अब्बा धावत आले, त्यांनी आधी हवेचा स्क्रू सैल केला. हवा सुटली तशी ज्योत खाली बसली. वर भिजलेलं गोणपाट टाकलं, आणि सगळं शांत झालं. धबधब्याचा आवाज तेवढा येत होता.

अब्बा मला रागावले नाहीत. त्यांनी वहिनींना बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलं, खिडकी उघडली, स्टो पूर्ण गार होऊ दिला आणि मग पिशवी उघडली.

पहिलं तेल. टाकी हलवून पाहिली, अर्ध्याहून जास्त भरलेली. दुसरी हवा. पंपातलं चामड्याचं वायसर काढलं. ते वाळून कडक झालं की दट्ट्याला जोर लागत नाही आणि हवा भरत नाही. हे मऊ होतं, तरी खोबरेल तेलाचं बोट लावून परत बसवलं. पंपाच्या तळाशी एक बारीक झडप असते. ती बिघडली तर टाकीतलं तेल पंपात शिरतं आणि दट्टा आपोआप वर येतो. तसं होत नव्हतं. मग टाकीच्या बुचाला, स्क्रूला, सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा येतो का पाहिलं. नाही आला. म्हणजे हवा टिकत होती. तिसरी वाट. निपल काढून उजेडात धरला, भोक गोल आणि स्वच्छ. बर्नरच्या नळ्यांत काजळी धरली असेल म्हणून फुंकून पाहिल्या, मोकळ्या. चौथी आग. काकडा पुरेसा होता, बर्नर तापत होता. वारा लागत होता म्हणावं तर स्टो कोपऱ्यात, आडोशाला.

चारही गोष्टी ठीक, आणि स्टो विझत होता. माझ्या मनात आलं, आता अब्बा हरले.

त्यांनी वहिनींकडून औषधाची एक रिकामी काचेची बाटली मागितली. टाकीतलं रॉकेल, अगदी तळापासूनचं, तिच्यात ओतलं. बाटली खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, चहा कराल का? चुलीवर झाला तरी चालेल." कोरा चहा होईपर्यंत अर्धा तास गेला. मग त्यांनी बाटली न हलवता आम्हाला दाखवली. रेशनचं रॉकेल निळं असायचं. बाटलीत वर निळं तेल, खाली दोन बोटं पांढरं स्वच्छ पाणी, आणि मध्ये पट्टीने ओढावी तशी रेघ.

तेल होतं, पण तेलात पाणी होतं. रॉकेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि स्टोची नळी तेल उचलते तीही तळाजवळूनच. स्टो उचलून हलवला की पाण्याचे थेंब विखुरायचे, म्हणून सुरुवातीला नीट पेटायचा. दहा मिनिटांत पाणी पुन्हा तळाशी जमायचं, नळीत शिरायचं, बर्नर गार करायचं, आणि ज्योत जायची. मग पाणी आलं कुठून? अब्बा उठून पडवीत गेले. रॉकेलचा डबा कौलाच्या पागोळीखाली होता. त्याचं बूच हरवलेलं, तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला. श्रावणभर पागोळी त्या बोळ्यावर ठिबकत होती.

डब्यातलं वरचं तेल अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, तळचं बाजूला ठेवलं. स्टोची टाकी चांगल्या तेलाने दोनदा विसळली. डब्याला लाकडाचं बूच तासून बसवलं. स्टो पेटला तो पाणी उकळून, बाळाची अंघोळ होऊन, वहिनींनी बंद करेपर्यंत पेटलेलाच होता. अब्बांनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "दुरुस्त काय केलं? स्टो तर चांगलाच होता."

परतीच्या एस.टी.त मी माझ्या जळलेल्या भुवयांवर हात फिरवत बसलो होतो. तेव्हा अब्बा बोलले. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका घरातून स्टो आला होता. त्या घरची सून भाजून गेली होती. घरच्यांना स्टो विकायचा होता, म्हणून दुरुस्तीला आणलेला. अब्बांनी तो उघडला. निपल काजळीने जवळजवळ बंद, बुचाचं वायसर फाटलेलं, पंपाचा दांडा दट्टे मारून मारून झिजलेला. अब्बा म्हणाले, "तो स्टो महिना-दीड महिना रोज विझत असणार. ती बिचारी रोज पिन मारत होती, रोज दट्टे मारत होती. कुणी म्हणालं नाही की हा का विझतो ते बघू. दोन-चार रुपयांचं काम होतं. बेटा, स्टो एकदम भडकत नाही. तो आधी विझून सांगतो. माणसं ऐकत नाहीत, दट्टे मारतात."

'स्टोचा भडका' ही त्या काळी वर्तमानपत्रातली नेहमीची ओळ होती. कित्येक भडक्यांमागे स्टो नव्हता, माणसं होती. कायद्याला १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध ४९८ अ हे कलम आणावं लागलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं कलम, ते उगाच नाही. पण जिथे खरोखर स्टोच होता, तिथेही बहुधा कुणीतरी आधी बरेच दिवस काही ऐकलेलं नव्हतं. ती सून स्टोबद्दल घरात काही म्हणाली असेल का, आणि तिचं कुणी ऐकलं असेल का, हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षं छळत राहिला.

आता पुन्हा त्या पहाटेच्या फोनकडे येतो.

बटणावरचा हात काढ असं मी भाचीला म्हटलं त्याचं कारण माझ्या जळलेल्या भुवया. बॉयलरच्या आतही तेच होतं. बटण दाबलं की तेलाचा फवारा उडतो. तो पेटला नाही तर कच्चं तेल आत साचतं. पुन्हा दाबलं की आणखी साचतं. मग एखाद्या वेळी ठिणगी लागते आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. बॉयलरच्या पुस्तिकेतही हेच असणार, असं वाटून मी तिला ती काढायला सांगितली. त्यात होतं की बटण एक-दोनदाच दाबावं, आणि तरी बंद पडला तर तंत्रज्ञाला बोलवावं.

मग मी तिला एकेक प्रश्न विचारत गेलो आणि ती पुस्तिका वाचून उत्तरं देत गेली. पहिला प्रश्न, बंद पडतो म्हणजे कसा? कारण बंद पडणं तीन तऱ्हेचं असतं. घर हवं तेवढं तापलं म्हणून बॉयलर थांबतो, ते थांबणं चांगलं. पाणी फिरत नाही म्हणून बॉयलर स्वतःच जास्त तापतो आणि थांबतो, तो रोग पाण्याचा. आणि ज्योतच विझते म्हणून लाल दिवा लागतो, तो रोग तेलाचा, हवेचा किंवा ठिणगीचा. तिच्याकडे लाल दिवा होता.

टाकीत तेल आहे का? होतं, निम्मं. टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली असती तरी असंच झालं असतं. टाकीची तोटी पूर्ण उघडी? होती. पुढचं सगळं बर्नरच्या आत, तिथे तिने हात घालायचा नाही. पण पुस्तिकेतला एक भाग मला फार आवडला. त्या बर्नरला एक काचेचा डोळा असतो. तो ज्योतीकडे पाहत राहतो. ज्योत दिसेनाशी झाली की तो तेल बंद करायला लावतो. डोळ्यावर काजळी धरली तर ज्योत असूनही त्याला दिसत नाही, तेव्हाही बॉयलर थांबतो. म्हणजे अब्बांचं जे लक्ष होतं, ते तिकडच्या लोकांनी यंत्रात बसवलं आहे. आपण ते बटण दाबून दाबून त्या डोळ्यालाच गप्प करू पाहतो.

शेवटी मी विचारलं, "बेटा, टाकीचं झाकण कसं आहे?"

ती टॉर्च घेऊन बर्फात बाहेर गेली. परत येऊन म्हणाली, "मामू, झाकणाला तडा आहे. पण त्याचा काय संबंध?"

मी म्हटलं, "सकाळी तंत्रज्ञ आला की त्याला एवढंच सांग, तेलात पाणी आहे का बघा. आत्ता बॉयलर बंदच ठेव, विजेचा हीटर लाव, बाळाला घेऊन एका खोलीत झोपा. आणि कोळशाची शेगडीबिगडी काही आत घेऊ नकोस." कोंडलेल्या खोलीत जळणारी कुठलीही आग कार्बन मोनॉक्साईड सोडू शकते. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने झोपेतच माणसं जातात. तिच्या घरात त्याचा इशारा देणारं यंत्र होतं, ते चालू आहे याची खात्री तिला करायला लावली. आपल्याकडेही हिवाळ्यात दारं लावून शेगडी पेटवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

सकाळी तंत्रज्ञ आला. तिथे अशा कामासाठी ऑफ्टेक नावाच्या संस्थेकडे नोंदलेला माणूस बोलावतात. त्याने तेलाच्या वाटेवरची गाळणी उघडली. तिच्या वाटीत पाणी साचलं होतं आणि थंडीने त्याचा वर बर्फ झाला होता. तेल त्या बर्फाच्या कडेकडेने थेंबथेंब झिरपत होतं. बर्नरची भूक भागत नव्हती, म्हणून ज्योत जात होती. त्याने गाळणी बदलली, टाकीच्या तळचं पाणी काढलं, नवं झाकण बसवलं. त्याला भाचीने विचारलं, "हे माझ्या मामूने भारतातून कसं ओळखलं?" तर तो म्हणाला, "त्यांच्याकडेही पाऊस पडत असेल."

श्रोतेहो, आता जव्हारच्या बाजारात स्टो दुरुस्तीची टपरी नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर पाड्यापर्यंत पोचले, रेशनचं रॉकेलही गेलं. याचं मला दुःख नाही. स्टोच्या भडक्याची बातमी आता क्वचितच वाचायला मिळते, यासारखी चांगली गोष्ट नाही. अब्बाही गेले. त्यांच्या पिनांची पत्र्याची डबी माझ्याकडे आहे. तिच्यातल्या पिनांचा आता काही उपयोग नाही.

पण घरात काही ना काही बंद पडतंच. गॅसची ज्योत पिवळी होते, गीझर मध्येच थांबतो, विजेचा फ्यूज पुन्हा पुन्हा जातो. तेव्हा आपला हात आपोआप बटणाकडे जातो. फ्यूज जातो म्हणून जाड तार घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं त्यांनी दुरुस्ती केली. खरं म्हणजे त्यांनी सांगणाऱ्याचं तोंड बांधलं. एकदा पुन्हा सुरू करून पाहावं, त्यात गैर नाही. दुसऱ्यांदा बंद पडलं की मात्र हात मागे घ्यावा आणि का, असं विचारावं. आणि घरातलं कुणी सांगत असेल की हे रोज विझतंय, तर त्याच दिवशी उठून बघावं.

भाचीने त्या दुपारी मला एक फोटो पाठवला. तंत्रज्ञाने गाळणीतलं सगळं मुरंब्याच्या एका रिकाम्या बरणीत ओतलं होतं. वर तेल, खाली पाणी, मध्ये रेघ. खाली तिने लिहिलं होतं, "घर गरम झालं. बाळ झोपलं."